‘टर्बो गाडीत आधी हेडर टाका’ म्हणणाऱ्यांना

टर्बो गाड्यांच्या (धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बाइनने इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि रील्समध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. थोडक्यात असा: कंपनीचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग) स्वस्तात उरकलेला असतो, तो इंजिनाचा श्वास कोंडतो. तो काढा, एसएस 304 या स्टेनलेस स्टीलचा, समान लांबीच्या नळ्या जोडून बनवलेला मॅनिफोल्ड, म्हणजे हेडर टाका. नुसत्या त्याने 30-40 बीएचपी ताकद वाढते, टर्बो लवकर उठतो (वेग घेतो), आणि स्टील असल्यामुळे आयुष्यभर बघावं लागत नाही.

‘तो काढा’ इथेच पहिली अडचण आहे. आपल्याकडच्या कितीतरी टर्बो पेट्रोल गाड्यांत काढायला वेगळा मॅनिफोल्ड नसतोच. फोक्सवॅगनच्या व्हर्टस, टायगुन आणि स्कोडाच्या स्लाव्हिया, कुशाक यांची 1.0 आणि 1.5 टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनं ईए211 कुळातली; शेवटच्या काळातली 1.0 टीएसआय पोलोही त्यातलीच. या इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडच्याच ओतकामात असतो, त्याच्याभोवती कूलंट फिरतं आणि टर्बो थेट हेडला बोल्टने बसतो. थंड इंजिन त्यामुळे लवकर तापतं, आणि फुल थ्रॉटलला टर्बाइन जळू नये म्हणून जादा पेट्रोल ओतण्याची गरज कमी होते. याला स्वस्तात उरकणं म्हणत नाहीत. जुन्या लॉराच्या 1.8 टीएसआयमध्ये मॅनिफोल्ड बाहेर दिसतो खरा, पण तो टर्बाइन हाउसिंगसकट एकाच तुकड्यात ओतलेला आहे. तो काढला की टर्बोही हातात येतो. या गाड्यांसाठी ‘हेडर’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा डाउनपाइप असतं, म्हणजे टर्बोच्या नंतरचा पाइप. बिलावर नाव काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या.

समजा तुमच्या गाडीला सुटा मॅनिफोल्ड आहे. मग 30-40 बीएचपी?

हा आकडा बिनटर्बोच्या गाड्यांच्या अनुभवावरून पसरलेला दिसतो. तिथे हेडरच्या नळ्यांची लांबी आणि व्यास नीट जुळवले की दाबाच्या लाटा सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतात. टर्बो गाडीत नळ्यांच्या तोंडाशी टर्बाइन बसलेलं असतं, मॅनिफोल्डमध्ये दाब सतत वाढलेला असतो, आणि ती ओढ फारशी उरत नाही. त्यात आजचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरलेल्या टॉर्कच्या हिशेबाने बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) सांभाळतो. धुराची वाट थोडी मोकळी केलीत तर तो वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) त्या प्रमाणात उघडून तेवढाच बूस्ट ठेवेल. बॅकप्रेशर (धुराच्या वाटेतला उलटा दाब) उतरल्याचा थोडा फायदा मिळतो, नाही असं नाही. पण डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर जी मोठी उडी दाखवतात, तिच्यात रिमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) किती आणि हेडर किती, हे विचारल्याशिवाय तो कागद निरुपयोगी आहे. कंपनीच्या छोट्या टर्बोवर वरच्या आरपीएमला घुसमट होते ती बहुधा टर्बाइनमध्येच. मॅनिफोल्ड बदलून तिथे काय मोकळं होणार?

समान लांबीचा मुद्दा सगळ्यात मजेदार, कारण तो गणिताने तपासता येतो. चार सिलिंडरचं इंजिन 6000 आरपीएमला दर 5 मिलिसेकंदांनी, म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) 180 अंश फिरला की, धुराचा एक झोत सोडतं. 900 अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 670 मीटर. दोन नळ्यांच्या लांबीत 10 सेंटिमीटरचा फरक असेल तर झोताला उशीर होतो 0.15 मिलिसेकंदाचा, क्रँकच्या भाषेत साडेपाच अंशांचा. 180 अंशांतले साडेपाच! आणि तेवढ्यासाठी इंजिन बेमध्ये नळ्यांची जिलेबी घालायची. नळ्या लांबल्या की आतली पोकळी आणि उष्णता सोडणारा पृष्ठभाग दोन्ही वाढतात, आणि टर्बोला उठायला उलट उशीर होऊ शकतो.

लांबीपेक्षा महत्त्वाचं असतं कोणाची नळी कोणाला मिळते. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2 असेल तर 1 आणि 4 एका बाजूला, 2 आणि 3 दुसऱ्या बाजूला, आणि टर्बाइनपर्यंत दोन्ही वाटा वेगळ्या. तसं केलं की एका सिलिंडरचा झोत अजून उघड्या असलेल्या शेजाऱ्याच्या व्हॉल्व्हवर उलटा जाऊन धडकत नाही. मित्सुबिशीने 1996च्या लॅन्सर इव्होल्यूशन 4पासून ट्विन-स्क्रोल, म्हणजे अशा दोन वेगळ्या वाटांचा टर्बो दिला, तोही ओतीव मॅनिफोल्डवरच. सुबारूचं ईजे इंजिन मात्र खरा अपवाद. बॉक्सर (सिलिंडर दोन बाजूंना आडवे) रचनेमुळे एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ फुटतात, आणि जुन्या हेडरच्या असमान नळ्यांनी ती विषमता आणखी वाढते. तिथे समान लांबीला अर्थ आहे. फक्त लोक ज्या घुमणाऱ्या आवाजासाठी ती गाडी घेतात, तो त्याबरोबर जातो.

आता ‘आयुष्यभर’. गंज हा टर्बो मॅनिफोल्डचा मुख्य शत्रू नाही, तडे आहेत. 304 स्टील तापल्यावर बिडापेक्षा बरंच जास्त फुगतं: 40 सेंटिमीटरची नळी 800 अंशांनी तापली की सहा मिलिमीटरच्या आसपास लांब होते. एका टोकाला कूलंटने थंड राखलेलं हेड, दुसऱ्या टोकाला लटकणारा टर्बो, आणि रोज गरम-थंड. शिवाय साधारण 425 ते 860 अंशांच्या पट्ट्यात राहिलेल्या 304मध्ये क्रोमियम कार्बन पकडून बसतं आणि स्टील कणांच्या सीमांवर कमजोर होतं. टायटॅनियम घातलेलं 321 नेमकं यासाठीच असतं, आणि ते महाग असतं. तडे टाळण्याचा दुसरा उपाय जाडी. 1.6 मिलिमीटरच्या चकचकीत ट्यूबपेक्षा शेड्यूल 10चा, पावणेतीन मिलिमीटर जाडीचा पाइप दिसायला ओबडधोबड, पण टर्बोचं वजन पेलतो. तरीही टर्बोला ब्लॉकवरून वेगळा आधार हवाच.

फॅब्रिकेटरला विचारण्यासारखे प्रश्न इथे आहेत. वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गन सोडता का? नाहीतर आत काळा खडबडीत थर धरतो, त्याचा तुकडा सुटला तर थेट टर्बाइनच्या पात्यांवर. आणि वेल्डिंगनंतर फ्लँज (बोल्टने जोडायची पट्टी) मशीनवर सपाट करून देता का? वेल्डच्या उष्णतेने फ्लँज वाकतेच, मग गॅस्केट कितीही बदला, लिकेज थांबत नाही. वर हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळणारे भेटतात. बॉनेटखालची उष्णता त्याने कमी होते, पण नळी आणखी तापते. पातळ 304वर ते करू नये.

मोठ्या व्यासाची नळी चांगली हेही चालू असतं. झोताचा वेग पडतो, इतकंच.

मोठा टर्बो, बाहेरचा वेस्टगेट, ट्रॅकसाठीची गाडी, असं असेल तर ट्युब्युलर (नळ्यांचा) मॅनिफोल्ड खरंच लागतो, कारण कंपनीच्या मॅनिफोल्डला त्यांच्यासाठीची फ्लँजच नसते. पण तेव्हा आधी टर्बो ठरतो, मग त्याला जुळणारा मॅनिफोल्ड. आणि सगळ्यात आधी बघायचं ते वेस्टगेटची नळी कुठून निघते. चारही सिलिंडरचा वायू जिथे एकत्र येतो तिथून, प्रवाहाच्या दिशेत ती निघाली तर ठीक. एकाच नळीला काटकोनात डकवलेली असेल तर वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट वर सरकत राहतो, आणि तो कोणत्याही रिमॅपने खाली येत नाही.