यादी कुणी दिली?

इंटर्नल ऑडिटवाल्यांसाठी, म्हणजे संस्थेचे आतले व्यवहार तपासणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी, हल्ली क्रिटिकल थिंकिंगची ट्रेनिंग्ज फार निघालीयेत. दोन दिवस हॉटेलात, बुफे, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आणि सोमवारी माणूस परत त्याच चेकलिस्टवर टिक मारायला हजर. माझं मत जरा तिरकं आहे, पटलं नाही तर भांडा खुशाल. आपल्या कामात फार अचाट डोकं लागत नाही हो, समोर आलेली यादी कुणी बनवली आणि तिच्यात काय येणंच शक्य नव्हतं, एवढं विचारलं तरी बरंच हाती लागतं.

पंजाब नॅशनल बँकेची (पीएनबी) ब्रेडी हाऊस शाखा आठवा, मुंबईतल्या आपल्या फोर्टमधली. तिथला घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आला आणि आकडा पुढे १३,००० कोटींच्या वर गेला. तिथून एलओयू, म्हणजे परदेशातल्या बँकांना दिलेल्या हम्या, स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या मेसेज यंत्रणेवरून, जात होत्या, पण स्विफ्ट आणि सीबीएस (बँकेची हिशेबाची मुख्य सिस्टीम) एकमेकांना जोडलेलेच नव्हते, त्यामुळे सीबीएसमध्ये त्यांची नोंदच नाही. आता तुम्ही सीबीएसमधून चालू हम्यांची यादी काढा, त्यातून २५ काय २५० सँपल घ्या, प्रत्येकाची फाईल उघडा, सह्या बघा, मार्जिन (हमीपोटी पार्टीने ठेवलेली रक्कम) बघा, सगळं चोख निघणार, कारण जे चोख नव्हतं ते त्या यादीत आलेलंच नाही. खरी सुरुवात स्विफ्टच्या मेसेजपासून करून उलटं सीबीएसकडे यायला हवं होतं. आणि बिंग कुठून फुटलं तर जानेवारीत नवीन एलओयू मागायला पार्टी आली तेव्हा टेबलावरच्या नवीन अधिकाऱ्याने १००% कॅश मार्जिन मागितलं, पार्टीवाले म्हणाले आम्हाला आधी कधी लागलं नाही, आणि बँकवाले ‘आधी’चं रेकॉर्ड शोधायला गेले तर काहीच नाही. ऑगस्ट २०१६ पासून निदान तीनदा बँकांना स्विफ्टच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं, असं रिझर्व्ह बँकेने नंतर स्वतःच सांगितलं. पत्रं फाईलला लागली असणार, दुसरं काय.

मोठ्या बँकेचं सोडा, भंगाराचं सांगते. एका कारखान्यात, प्रेस शॉपवाला, शीट मेटलचं भंगार भरपूर निघायचं. चेकलिस्ट काय म्हणते? गेटपास, काट्याची पावती, इनव्हॉइस, तिन्ही जुळवा. जुळवले, जुळलं. स्टोअरवाले म्हणाले मॅडम सगळं मॅच होतंय, चहा घ्या. चहा घेतला, चांगला होता. पण महिन्याला शीट किती वापरली, तयार पार्ट्सचं वजन किती, म्हणजे भंगार साधारण किती निघायला हवं हे कागदावर मांडलं तर विकलेलं भंगार दर महिन्याला कमी. एखाद्या महिन्यात कमी भरलं असतं तर यार्डात पडलं असेल म्हणून सोडून दिलं असतं, पण यार्ड तर रिकामं.

मग काट्याच्या पावत्या एक्सेलमध्ये घेतल्या आणि तारखेऐवजी गाडी नंबरने लावल्या, एवढंच केलं. तारखेने लावल्या की प्रत्येक पावती बरोबर दिसते. गाडी नंबरने लावल्यावर दिसलं की एकाच ट्रकचं रिकामं वजन एकदा ६,२४० किलो आणि दुसऱ्यांदा ६,८७०! भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा होतं, त्यामुळे रिकामी गाडी जितकी जड तितकं भंगार हलकं.

आता इथे खरी गंमत आहे. लगेच ‘चोरी सापडली’ म्हणून धावत सुटायचा मोह होतो, आणि आपल्यातले अर्धे लोक इथेच घसरतात. आधी स्वतःची शंका खोटी पाडून बघायची. डिझेल टाकी भरलेली असेल? २०० लिटर डिझेल म्हणजे १६५-१७० किलो. स्टेपनी, ताडपत्री, दोन माणसं, सगळं धरलं तरी ६३० होत नाही. काटा बिघडलेला? मग त्याच दिवशीच्या बाकीच्या गाड्याही हलल्या असत्या, त्या हलल्या नव्हत्या. एवढं झाल्यावर गेटवर उभं राहिलं तर कळलं की रिकामी गाडी काट्यावर वाळूच्या गोण्या घेऊन चढते, लोडिंगच्या आधी कोपऱ्यात त्या उतरतात. तिन्ही कागद खरे होते. काट्याने वजनही खरंच दाखवलं होतं.

म्हणून मला ‘ऑडिटरने संशयी असावं’ हे वाक्य अर्धवट वाटतं. संशय कुणीही घेतं. चहाच्या ८० रुपयांच्या व्हाउचरवर सही नाही म्हणून अर्धं पान ऑब्झर्व्हेशन लिहिणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांना वाटतं आपण कडक आहोत. शंका कुठे खर्च करायची ते ठरवणं हे काम आहे, आणि त्याला वेळ लागतो, जो प्लॅनमध्ये कुणी देत नाही कारण मॅन-डेज, म्हणजे कामाला दिलेले माणसांचे दिवस, आधीच कापलेले असतात.

वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिकॉम कंपनीमध्ये २००२ साली सिंथिया कूपरच्या इंटर्नल ऑडिट टीमने काय केलं, तर ‘प्रीपेड कपॅसिटी’ नावाची नोंद दिसली आणि हे म्हणजे नक्की काय असं विचारत फिरले. कुणालाच धड सांगता येईना. सीएफओ, म्हणजे कंपनीचा अर्थप्रमुख, म्हणाला हे ऑडिट पुढे ढकला. त्यांनी ढकललं नाही, ऑडिट कमिटीकडे गेले, आणि जूनमध्ये कंपनीला ३.८ अब्ज डॉलरचा रोजचा खर्च भांडवली म्हणून, म्हणजे मालमत्तेत घातल्यासारखा, दाखवल्याचं जाहीर करावं लागलं. इतका साधा प्रश्न विचारायला आपल्याकडे लाज वाटते, ‘मॅडमना एवढंही माहीत नाही’ असं कुणी म्हणेल म्हणून. म्हणू दे की.

अजून एक. स्टाफ रोटेशनची, म्हणजे ठराविक काळाने माणसांची टेबलं बदलण्याची, पॉलिसी आहे का, हे चेकलिस्टमध्ये असतंच आणि उत्तर कायम ‘आहे’, बोर्डाने मंजूर केलेली, पान नंबरसकट. पण टेबलावर दुसरा माणूस बसला की दडलेलं बाहेर येतं, पीएनबीत आलं तसं. म्हणून मी आता पॉलिसी मागतच नाही. एकाच टेबलावर तीन वर्षांच्या वर कोण कोण बसलंय आणि त्यांनी गेल्या वर्षी सलग रजा किती घेतली, ती यादी मागते, तीही पेरोलच्या डेटावरून, डिपार्टमेंटने टाईप करून दिलेली नको. एचआर दरवेळी विचारतं की हे ऑडिटच्या स्कोपमध्ये येतं का, आणि मी दरवेळी ‘हो’ म्हणते.