चाक गोल नसतं

रंगीत पेन्सिलींनी कागदावर गाडी काढायला घेतली की पहिलं भांडण चाकाशी. चाक गोल, हे बालवाडीपासून डोक्यात बसलेलं. तिरक्या उभ्या गाडीचं चाक मात्र कागदावर लंबगोल होतं, आणि त्याची लांब बाजू आसाला काटकोनात थोडी कलते. मी ती ताठ काढतो आणि गाडी गुडघे धरल्यासारखी फेंगडी उभी राहते. मागून काका: "पंक्चर काढलंस काय की रे?" कागद उलटा धरून बघावा, चूक तिथं आधी दिसते. बाजूनं बघताना दोन चाकांच्या मधे साधारण तीन चाकं मावावीत. चार मावली की मारुती ८००ची बस झाली.

लाल गाडीला लाल पेन्सिल पुरते, हा पुढचा भ्रम. आधी फिकट पिवळा, मग नारिंगी, मग लाल. हलक्या हातानं सहा-सात थर. सावलीत काळा घासला की राख फासल्यासारखं दिसतं, तिथं किरमिजी आणि गडद निळा. खरं तर पत्रा स्वतःचं थोडंच दाखवतो. बॉनेट आणि टप आभाळ दाखवतात, दाराचा खालचा भाग जमीन. बेळगावात खानापूर रोडला उभी असलेली पांढरी गाडी रंगवताना पांढरी पेन्सिल पेटीतच लोळते, जमीन दाखवणारी विटकरी मात्र झिजून बोटभर उरते.

चमक तर रंगवायचीच नसते, कोरा कागद राखायचा असतो. एरियलच्या रेघेसाठी संपलेल्या रिफिलनं आधी खाच पाडायची. वरून आडवी पेन्सिल फिरवली तरी रंग खाचेत उतरत नाही, रेघ पांढरी राहते. माझी खाच सुरेख पडते, फक्त जागा चुकते. आणि खाच खोडता येत नाही.

आषाढात बेळगावचा पाऊस बसला की कागद पापडासारखा सादळतो. टोक रुततं, खोडरबरानं साल निघते. म्हणून २०० जीएसएमचा जाड कागदसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत बंद. मेणाच्या पेन्सिलीचे थर फार घोटले तर काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी साय धरते. ते वर आलेलं मेण. कोरड्या मऊ फडक्यानं अलगद पुसावं, घरातलं कुणी ओलं फडकं घेऊन मदतीला यायच्या आत.

शेवटी नंबरप्लेट, बेळगावची. दोन मिलिमीटरची अक्षरं, टोक सुईसारखं, श्वास रोखलेला. बंपरमधले ढग, टायरखालची सावली, सगळं ओलांडून काकांचा चष्मा थेट तिथं जातो.

"केए २२? कोल्हापूरचं एमएच ०९ घालायचं की!"