सासूबाईंचे ठसे

मूल दत्तक घ्यायचं ठरलं, तेव्हा नवऱ्याने एक्सेल उघडलं आणि मी एक फाइल आणली. महिन्याभरात तिनेच असं बाळसं धरलं की उचलून घ्यायला दोन हात लागायला लागले.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, पासपोर्ट अमेरिकेचे आणि बाळ आणायचं भारतातून. म्हणजे इकडे आय-800ए, म्हणजे आम्ही आईबाप व्हायला लायक आहोत का हे ठरवणारा अमेरिकी सरकारचा फॉर्म, तिकडे 'कारा', म्हणजे दत्तक प्रकरणं बघणारी भारताची केंद्रीय संस्था, आणि दोघांच्या डोक्यावर हेगचा आंतरराष्ट्रीय दत्तक करार; भारतात 2003 पासून लागू, अमेरिकेत 2008 पासून. मुलांचा बाजार होऊ नये म्हणून हे सगळं, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही. तरी मी करतेच.

होम स्टडीला, म्हणजे घर आणि घरातली माणसं तपासायला, समाजसेविका आल्या. मी सवयीने कांदेपोहे केले आणि पदर नसताना सावरला. त्यांनी स्मोक अलार्म पाहिले, बँकेतली शिल्लक पाहिली, मग विचारलं, "तुमची भांडणं कशी मिटतात?" मिटतात, हे बाईंनी धरूनच चाललं होतं. मंजुरी आली की ती 15 महिने चालते, असंही सांगून गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे लोणच्यापेक्षा कमी."

सासूबाई ग्रीन कार्डवर, आमच्याकडेच राहतात. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची चौकशी होते. फॉर्मात रकाना होता: वापरलेली इतर नावं. त्या माहेरच्या कुसुम. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं 'सुमती'. मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. आडनावं दोन. शाळेच्या दाखल्यावर 'कुसूम', रेशनकार्डावर 'सुमतीबाई'. जोडाजोड करून आठ नावं झाली. एवढी टोपणनावं चंबळच्या खोऱ्यातसुद्धा कुणाला नसतील.

मग बोटांचे ठसे. काउंटरवरच्या पोराने त्यांचं बोट काचेवर ठेवलं. यंत्र गप्प. पुसून ठेवलं. गप्प. त्याने लोशन लावलं, हळुवार दाबलं, "रिलॅक्स, मॅम" म्हणाला. सासूबाई रिलॅक्सच होत्या, घाम त्याला फुटला होता. पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्या, तव्यावरच्या हातानेच उलटल्या. बोटं परातीच्या बुडासारखी गुळगुळीत.

"त्याला सांग," त्या मला म्हणाल्या, "ठसे साताऱ्याच्या तव्यावर राहिलेत."

मी भाषांतर केलं नाही. सरकारी माणसाला थट्टा कळेल याचा भरवसा नसतो. उद्या तवा मागवला असता.

दुसऱ्या वेळी त्या आदल्या रात्री बोटांना तूप चोळून, हातमोजे घालून झोपल्या. तरीही नाही. आता ठशांऐवजी पोलिसांचे दाखले द्या, असं ठरलं. इथला दाखला सहज मिळाला. तिकडच्यासाठी धाकट्या दिरांना पिटाळलं. दोन दिवसांनी ठाण्याच्या आवारातूनच त्यांचा फोन आला.

"वहिनी, हवालदारसाहेब विचारतायत, आईने नेमकं केलंय काय?"

फोन स्पीकरवर होता. सासूबाई दुपटं शिवत होत्या, त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "अजून काही नाही म्हणावं. नातवंड येऊ दे, मग बघू."