महापूर, आलमट्टी आणि आपल्या हद्दीतलं काम

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूर-सांगलीच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: महापूर कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या आलमट्टी धरणामुळे येतो, कर्नाटकाने दरवाजे उघडले की प्रश्न मिटला. राहिलंच काही तर नदी खोल करा, भिंत बांधा. आणि पूर काही दरवर्षी येत नाही, तेव्हा पूरनियंत्रणावर हजारो कोटी घालवण्यापेक्षा ते पूरग्रस्तांच्या खात्यात टाका. लोकांचा संताप मला समजतो, पण ही तिन्ही विधानं तपासली की टिकत नाहीत.

आधी आलमट्टी. तिची सध्याची पूर्ण पाणीपातळी 519.6 मीटर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे 543 मीटर. तेवीस मीटर खालच्या जलाशयाची फूग, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणारं पाणी, इथवर चढत नाही. 1989 साली पंचगंगेला मोठा पूर आला, तेव्हा आलमट्टीत पाणी अडवायला सुरुवातही झाली नव्हती. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि कोल्हापुरात पंचगंगा 56 फुटांवर गेली. आलमट्टीची उंची 524 मीटरपर्यंत नेण्याला विरोध व्हायलाच हवा, शिरोळच्या सखल पट्ट्याला त्याची भीती आहे. दोन्ही राज्यांनी विसर्गाचा मेळ तासातासाला ठेवला पाहिजे. पण तेवढ्याने घाटमाथ्यावरचा पाऊस कमी होणार नाही.

नदी खोल करण्याचं म्हणाल, तर सांगलीच्या खाली कृष्णेला उतारच फार कमी आहे. तिथे पात्रात खणलं की खड्डा पाण्याने भरून राहतो, पूर काही लवकर ओसरत नाही. भिंत बांधली की पाणी पलीकडच्या गावात घुसतं, आणि शहरात पडलेला पाऊस भिंतीच्या आत तुंबतो.

पुराला पसरायला जागा लागते, आणि तीच आपण घेतली. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, तिच्या आत बांधकामाला मनाई आहे. तरी मुरूम टाकून प्लॉट पडतात, विकले जातात, आणि पहिल्या मोठ्या पुरात त्याच घरांच्या गच्चीवरून माणसं उतरवावी लागतात. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरलगत शिरोलीजवळ पुराचं पाणी अडवणाऱ्या भरावावरून जातो. 2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये तो तिथेच बंद पडला. भराव काढून खांबांवरचा पूल करायला पैसा लागतो, आणि तो सरकारनेच घालायचा असतो.

आता थेट मदत. 2019 च्या पुरानंतर राज्याने केंद्राकडे 6,813 कोटी मागितले, त्यातले सुमारे 4,700 कोटी फक्त कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्यासाठी. पुढचा महापूर दोनच वर्षांत आला. जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेला पूरनियंत्रणाचा कार्यक्रम सुमारे 3,200 कोटींचा आहे, म्हणजे एका पुराच्या मागणीहून कमी. आणि सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला 2019 च्या ऑगस्टमध्ये गाव सोडणाऱ्यांची बोट उलटून जी माणसं गेली, त्यांची भरपाई कुठल्या खात्यात टाकणार?

मात्र पैसा ओतला की काम झालं, असंही नाही. कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना 1989 नंतर उंचावरच्या सोनतळीला जागा दिली. तरी कितीतरी घरं जुन्या गावठाणातच आहेत. पाणी चढू लागलं की ट्रॉलीत म्हशी चढवायच्या, वैरण बांधायची, सोनतळी गाठायची, आणि ओसरलं की परत. लोक हट्टी आहेत म्हणून हे होत नाही. ज्याचा संसार दुभत्यावर चालतो, त्याला घरापुरता प्लॉट पुरत नाही. गोठा, वैरणीची जागा आणि शेतापर्यंत जायचा बारमाही रस्ता, हे पुनर्वसनाच्या खर्चातच धरलं पाहिजे.

म्हणून आमदार-खासदार भेटले की आलमट्टीबरोबर हेही विचारा: शिरोलीच्या भरावाचं काय करणार, आणि सोनतळीत गोठ्यासकट जागा किती घरांना देणार?