थरच्या वाळूखालचा थर

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. सारांश असा: राजस्थानचं वाळवंट म्हणजे रिकामी पडून असलेली जमीन. तिथे माणसं नाहीत, पाऊस नाही. आहेत ते लोक नाइलाजाने दिवस काढतात, संस्कृती म्हणाल तर पर्यटकांपुढचं नाचगाणं. तेव्हा कालव्याचं पाणी फिरवा, उरलेल्या जागेत सोलर पॅनल टाका, प्रश्न मिटला. वाचायला झकास आहे, पण यातलं फार थोडं टिकतं.

‘माणसं नाहीत.’ २०११च्या जनगणनेत एकट्या बाडमेर जिल्ह्यात २६ लाख माणसं होती. जैसलमेर मात्र खरंच विरळ, चौरस किलोमीटरला १७. तरीही जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांत थरची गणना होते.

‘पाऊसच नाही, लोक नाइलाजाने राहतात.’ पाऊस कमी आहे, हे खरं. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास. पण तो कधीकधी एकदम कोसळतो. ऑगस्ट २००६मध्ये बाडमेरमधलं कवास गाव पुरात बुडालं आणि पाणी कित्येक आठवडे हललं नाही. वाळूखाली जिप्समचा थर, त्यामुळे मुरायला वाटच नव्हती.

हाच थर (थरमधला थर, कोटी माझी नाही, मराठीची आहे) एरवी तिथल्या लोकांना जगवतो. खोलवरचं भूजल बऱ्याच ठिकाणी खारं. पावसाचं पाणी वाळूतून झिरपून या थरावर अडतं आणि खाऱ्यात मिसळत नाही. ते गोळा करायला कुई, म्हणजे अगदी अरुंद विहीर, खणतात. आत जेमतेम एक माणूस उकिडवा बसेल एवढीच रुंदी, हातात आखूड दांड्याचं हत्यार. रुंद खड्डा का नाही? कारण पाझर अगदी बारीक. रुंद तळाला तो नुसता पसरेल, ओल दिसेल, पण बादली बुडणार नाही. अरुंद कुईत रात्रभरात दोन-तीन घागरी पाणी जमतं. ते उपसायचं, तोंड झाकायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी. आणि कुई कुठेही खणून चालत नाही, थर कुठे आहे ते आधी ठाऊक असावं लागतं. नाइलाजाने राहणाऱ्याला हे कोण शिकवतं?

जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांचं खडीनही असंच. उताराच्या तळाशी मातीचा बांध घालून खडकाळ माळावरून वाहून येणारं पाणी अडवायचं, ते जिरलं की ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. ही पद्धत पंधराव्या शतकापासूनची आहे.

‘कालवा आणा.’ आणलाय की! इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८मध्ये सुरू झालं आणि पंजाबातल्या हरिके बंधाऱ्याहून सतलज-बियासचं पाणी पुढे जैसलमेरपर्यंत पोचलं. प्यायला पाणी मिळालं, शेती वाढली, ते नाकारायचं कारण नाही. पण काही पट्ट्यांत खालच्या कठीण थराने पाणी अडवलं, जमिनी चिबड झाल्या, क्षार वर आले. तिथले शेतकरी याला ‘सेम’ म्हणतात. मेसेज लिहिणाऱ्याने हा शब्द ऐकलेला नसावा.

नाचगाण्याबद्दल थोडक्यात. मांगणियार गायक मुसलमान, त्यांचे यजमान बहुतांशी हिंदू राजपूत. यजमानाच्या घरी बाळ जन्मलं, लग्न निघालं की कमायचा हे तंतुवाद्य घेऊन जायचं, त्यांची वंशावळ गायची. हे नातं पिढीजात चालत आलंय. हॉटेलातले कार्यक्रम फार नंतरचे.

राहिलं सोलर. माझा त्याला विरोध नाही. भडला इथला २,२४५ मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे, वीज देतो. आक्षेप ‘रिकामी’ या शब्दाला आहे. तिथे गावोगाव ओरण असतात, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड न लावलेली कुरणं. आपल्या देवराईची भावंडं म्हणा. त्यात बोरं, केर नावाचं झुडूप आणि खेजडी, म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगा सांगरी म्हणून वाळवून वर्षभर खातात. याच माळांवर गोडावण, म्हणजे आपला माळढोक, उरलासुरला टिकून आहे. वजनदार पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर आदळून मरतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या, मार्च २०२४मध्ये तो आदेश सौम्य करून प्रकरण तज्ज्ञ समितीकडे सोपवलं.

यातले कितीतरी ओरण महसुली दप्तरात ओरण म्हणून नोंदलेलेच नाहीत. कागदावर ती सरकारी पडीक जमीन, आणि सकाळी बघाल तर गुराखी शेळ्या-मेंढ्या घेऊन त्यातच शिरलेला असतो.