अर्ध्याचं पाव

कालपासून डोकं तापलंय. मालवणात एका फ्लेक्सच्या दुकानात माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच फोटोची वाट लावली, आणि वर मलाच चहा पाजून गप्प बसवलं.

तारकर्लीच्या तात्यांच्या होमस्टेचा बोर्ड करायचा होता. मे महिन्यातली दमट दुपार, त्यामुळे फोटो पाणचट. फोटोशॉपमध्ये मी मूळ लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी काढून वर ठेवली. ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते) सॉफ्ट लाइट, ओपॅसिटी (वरचा थर किती दाट ते) 40 टक्के. मधल्या करड्याहून उजळ असेल ते आणखी उजळतं, गडद असेल ते आणखी गडद होतं. ओव्हरले नावाचा मोडही हेच करतो, पण दांडगाईने. मास्क लावून बाकीचा फोटो झाकला आणि पांढऱ्याफटक आभाळाला तेवढा मल्टिप्लाय, म्हणजे गडद करणारा मोड, दिला. खरंच छान झाला होता हो!

दुकानात पुतण्याच्या वाढदिवसाचा बॅनर करायला एक काका आले होते. त्यांच्या पिशवीतून बांगड्याचं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं.

"ह्या मळब खंयसून इला? मे म्हयन्यात?"

"मळब नाही काका, कॉन्ट्रास्ट आहे."

"तो कसो करतत?"

विचारलंच आहे, तर सांगायला गेलो. काळा म्हणजे 0, पांढरा म्हणजे 1. मल्टिप्लायमध्ये वरच्या लेयरचा आकडा खालच्याने गुणायचा, की रंग गडद.

"गुणल्यावर वाढाक होया मां!"

"एकाहून लहान आकडे ना, काका. अर्ध्याला अर्ध्याने गुणा."

काका बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "पाव." मग दुकानभर ऐकू जाईल असं, "अरे तात्या, ह्येना तुझा आभाळ पावार आणल्यान!"

झालं. "असल्या मळबात बुकिंग कोण करतलो?" असा ठराव तिथेच पास. "लेयर नको, फाइल जड होते," म्हणत फ्लेक्सवाल्याने सगळं फ्लॅटन केलं, म्हणजे सगळे थर एकात मिसळून टाकले, आणि ब्राइटनेस टोकाला नेला. आभाळ गायब, झावळ्या पोपटी. 1994 साली फोटोशॉप 3.0 मध्ये लेयर आले, ते मागाहून काही बदलावंसं वाटलं तर बदलता यावं म्हणून. इथे एका क्लिकमध्ये सगळे 1993 मध्ये.

काकांनी लगेच पुतण्याचा फोटो माझ्यापुढे धरला. "ह्येका जरा गोरो कर. पाव नको हां."

फ्लेक्सवाल्याला तात्यांनी स्क्वेअर फुटाच्या हिशोबाने रोख पैसे मोजले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुका काय देवचा? तू घरचोच."

घरचा! दिवाळीत माझ्या मेव्हण्याला त्यांचीच खोली हवी होती, तेव्हा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय किल्ली दिली नव्हती.