खुर्ची मागणारे सगळे सारखे नसतात

चढताना व्हीलचेअरवर, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याकडे तुरुतुरु चालत! असल्या प्रवाशांवरचे विनोद मायदेशातल्या व्हॉट्सॲपवर कधीचे फिरताहेत. विमान कंपन्यांचीही तक्रार आहे की अमेरिका-ब्रिटनच्या एकेका विमानाला डझनांनी खुर्च्या लागतात. त्यावरचे उपाय ठरलेले: पैसे घ्या, डॉक्टरचा दाखला मागा. युरोपात बसून ही चर्चा वाचताना वाटतं, दुखणं एकीकडे आणि मलम भलतीकडेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर काय झालं ते आठवा. वृद्ध जोडप्याने खुर्च्या आधीच मागितल्या होत्या, मिळाली एकच. पत्नी तिच्यात बसली, नवरा इमिग्रेशनपर्यंत चालत गेला, तिथे कोसळला आणि दगावला. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. विनोदांच्या हिशोबाने हे गृहस्थ 'चालता येणारे'च होते.

तिकिटावर व्हीलचेअरचे मुख्य संकेत तीन. 'आर' म्हणजे पायऱ्या चढता येतात, विमानात चालता येतं, लांबचं अंतर मात्र झेपत नाही. 'एस'ला पायऱ्या जमत नाहीत, पण आसनापर्यंत चालता येतं. 'सी'ला आसनापर्यंत अरुंद खुर्चीवरून न्यावं लागतं आणि उचलून बसवावं लागतं. ज्यांची थट्टा होते ते बहुतेक 'आर'मधले. फ्रँकफर्टला विमान बदलणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या आजींना खरं तर हवी असते बग्गी, मध्ये टेकायला बाकडं आणि योग्य गेटवर नेणारं माणूस. आपल्याकडे या सगळ्याला उत्तर एकच, खुर्ची आणि ती ढकलणारा. मग 'सी'वाला रिकाम्या विमानात वाट बघत बसतो.

युरोपात ११०७/२००६ या नियमावलीनुसार, जुलै २००८ पासून, ही मदत विमानतळाने द्यायची. खर्च सगळ्या प्रवाशांच्या संख्येवर कंपन्यांकडून वसूल होतो, त्यामुळे खुर्ची मागणारा कोणाच्याच ताळेबंदात वेगळा खुपत नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने जबाबदारी कंपनीची. भारतात प्रवाशाला नेणं-आणणं कंपनीकडे, ॲम्ब्युलिफ्ट (खुर्चीसकट प्रवाशाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी) सारख्या सोयी विमानतळाकडे. खुर्ची आली नाही की दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायला वाव उरतो. मला युरोपची रीत पटते. पण वाट इथेही बघावी लागते, गर्दीच्या दिवशी तर चांगलीच.

स्वतःच्या विजेवरच्या खुर्चीचे हाल मात्र सगळीकडे सारखेच. अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांनुसार शंभरात एकाहून जास्त खुर्च्या मोडतात, हरवतात किंवा उशिरा पोहोचतात. मोडण्याची कारणं साधी आहेत. बोइंग ७३७ च्या सामानाच्या दाराची उंची जेमतेम ९० सेंटिमीटर. पाठ दुमडत नसेल तर लोडर खुर्ची आडवी करतात. त्यात जॉयस्टिक तुटते, द्रव बॅटरी असेल तर आम्ल सांडतं. दुसरी गोष्ट, मोटर चाकांपासून सोडवायचा खटका कुठे आहे हे लोडरला माहीत नसतं. ब्रेक लागलेली दीडशे किलोची खुर्ची चौघे मिळून ओढतात, मग काहीतरी मोडणारच.

म्हणून खटक्याचा फोटो, वजन आणि दुमडलेली उंची लिहिलेलं लॅमिनेटेड कार्ड खुर्चीला बांधावं. जॉयस्टिक निघत असेल तर काढून सोबत ठेवावी. बसायची उशी तर नक्कीच. ती हरवली की बसण्याच्या जागी जखम व्हायची भीती. लिथियम बॅटरी काढता येण्यासारखी असेल तर ती केबिनमध्येच न्यायची. मर्यादा एकीला ३०० वॉट-तास, दोन असतील तर प्रत्येकी १६०. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करून बघा: २४ गुणिले १२ म्हणजे २८८, चालेल, २४ गुणिले १५ म्हणजे ३६०, काउंटरवर अडेल. खुर्चीतच बसवलेली, न निघणारी बॅटरी असेल तर नियम वेगळे. हे सगळं ४८ तास आधी कळवायचं.

भरपाईचं गणित आणखी कडू. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातली भरपाई ठरवणाऱ्या माँट्रियल करारानुसार खुर्चीही सामानच. डिसेंबर २०२४ पासून कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. विजेची खुर्ची याच्या कितीतरी पट महाग. सामान सोपवतानाच जास्त किमतीचं खास घोषणापत्र देता येतं, पण काउंटरवरच्या कित्येकांना ते ठाऊक नसतं.

स्वतःच्या खुर्चीवरच बसून उडता येईल असं आसन २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात दाखवलं गेलं. विमानाचं आसन दुमडतं आणि खुर्ची त्या जागी अडकवता येते. पण विमानाच्या आसनाला १६-जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट) धक्का सोसावा लागतो, आणि बाजारातल्या खुर्च्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. त्या आसनाची वाट बघण्यात अर्थ नाही.

भारतात करण्यासारखं काम त्यापेक्षा फार स्वस्त आहे. तिकिटाच्या पानावर बऱ्याचदा 'व्हीलचेअर हवी?' असा एकच चौकोन असतो. त्याजागी चार प्रश्न ठेवा: पायऱ्या चढता येतात? आसनापर्यंत चालता येतं? स्वतःची खुर्ची आहे, आणि बॅटरी कोणती? की फक्त वाट दाखवणारं माणूस हवंय?